केसांची केस

ज्याच्या डोक्यावर आता मोजता येतील एवढेच केस उरले आहेत, त्याने केसांवर लेख लिहावा, हा वाचकांना थोडा आगाऊपणा वाटेल. वाटू द्या. संपादकांनी ‘दिवाळीचा अंक आहे, काहीतरी हलकेफुलके लिहा’ असे बजावले आहे, आणि माझ्यापाशी सध्या सर्वांत हलके असे काही असेल तर ते माझे डोकेच.

शिवाय हा विषय मला आरशासमोर सुचलेला नाही. तो सुचला आरे-वारेच्या डोंगरावर, भर वाऱ्यात.

गेल्या वर्षी भाऊबीजेला आम्ही रत्नागिरीस बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झाले, चकल्या-कडबोळी झाली, ओवाळणीच्या पाकिटावरून नेहमीची थट्टा झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांनी मिळून आरे-वारेला जायचे ठरले. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याच्या कडेने जो रस्ता जातो, तो वाटेत डोंगराच्या खांद्यावर चढतो. वळण संपले की एकदम खाली समुद्र! एका अंगाला आरे, दुसऱ्या अंगाला वारे, मध्ये पाण्यात उतरलेली डोंगराची सोंड आणि वाळूच्या कडेने सुरूची झाडे. ही दोन गावांची नावे आहेत. पण त्या वळणावर मोटारीचे दार उघडले की नवख्या माणसाला वाटावे, गावाने नाव वाऱ्यावरूनच घेतले असणार. टोपी, ओढणी, मुलांच्या हातातली वेफरची पुडी, जे जे धरून ठेवले नाही ते ते गेले.

माझे काही जाण्यासारखे नव्हते. गेले ते माझ्या भाचीचे.

भाचीचे केस कुरळे आहेत. सिनेमातल्या नायिकेच्या कपाळावर एखादी बट रुळते, तसले शहाणे कुरळे नव्हेत. पेनातली स्प्रिंग ओढून सोडावी, तसले. तिच्या वडिलांकडून आलेले. लहानपणी तिच्या डोक्यात कंगव्याचा दात मोडून राहिला तो संध्याकाळी सापडला, ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. तर ही मुलगी बी. कॉम. झाली होती आणि पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलातून स्वागतकक्षावरच्या जागेसाठी तिला मुलाखतीचे पत्र आले होते. पत्राबरोबर सूचनांचा कागद. बुटांना पॉलिश हवे, नखे कापलेली हवीत, इथपर्यंत ठीक. पुढे लिहिले होते : केस सरळ, चापून बसवलेले व व्यावसायिक दिसणारे असावेत.

केस व्यावसायिक कसे दिसतात, हे मला मराठीचा अध्यापक असूनही उमगले नाही. भाचीला मात्र बरोबर उमगले होते. मुलाखतीला आठवडा होता म्हणून त्या दिवशी सकाळी तिने तालीम केली. केस सरळ करायची विजेची इस्त्री घेऊन दीड तास बसली, आणि बाहेर आली ती कुणा दुसऱ्याचीच मुलगी. केस खांद्यापर्यंत सरळ, पावसाळ्यात कौलांवरून पाणी उतरावे तसे. बहीण म्हणाली, “आता कशी माणसात आलीस!”

आरे-वारेच्या वळणावर हे रूप अर्धा तासही टिकले नाही. आधी कानामागचे केस वळले, मग कपाळावरचे, आणि आम्ही शहाळी पिऊन होईतो सगळे सैन्य परत आपापल्या जागी उभे. पोरीने मोटारीच्या काचेत पाहिले. डोळ्यांत पाणी आले ते वाऱ्याने, असे ती म्हणाली. मग म्हणाली, “मामा, इस्त्री नाही चालायची. पुण्याला जायच्या आधी पार्लरात जाऊन औषधाने कायमचेच करून घेते.”

यात वाऱ्याचा काही दोष नाही. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा दोरा आहे. त्याच्या आतले धागे एकमेकांना दोन प्रकारच्या गाठींनी बांधलेले असतात. एक गाठ कच्ची, हायड्रोजनची. ती उष्णतेने आणि पाण्याने सुटते आणि केस थंड झाला, वाळला की त्या वेळी तो असेल त्या आकारात पुन्हा बसते. इस्त्री ही कच्ची गाठ नव्या जागी बांधते. खारा दमट वारा ती सोडवतो. परटाने कडक केलेले धोतर पहिल्या सरीत मऊ पडते, त्यातलाच हा प्रकार. दुसरी गाठ पक्की, गंधकाची. ती वाऱ्याला जुमानत नाही, ती तोडायला रसायनच लागते. आणि तीही तोडली तरी काय? केस ज्या मुळातून येतो ते मूळच त्वचेखाली वळलेले असते. नवा केस पुन्हा वळूनच वर येणार. म्हणजे ‘कायमचे’ हे पार्लरवाल्यांचे कायमचे. दर काही महिन्यांनी पुन्हा जाऊन बसायचे.

त्या रसायनांविषयी एक गोष्ट मी भाचीला तेव्हा सांगितली, ती इथेही सांगतो. २०२२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेतल्या संशोधकांनी ३३,४९७ बायकांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. जवळजवळ अकरा वर्षे त्यांनी या बायकांच्या प्रकृतीची नोंद ठेवली होती. केस सरळ करण्याची रसायने ज्यांनी कधी वापरली नव्हती, त्यांच्यात सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण शेकडा १.६४ निघाले, वर्षातून चारहून अधिक वेळा वापरणाऱ्यांत शेकडा ४.०५. रसायनानेच रोग झाला असे यातून सिद्ध होत नाही, असे शास्त्रज्ञ स्वतःच म्हणतात. पण ही रसायने वापरणाऱ्यांत सुमारे साठ टक्के बायका कृष्णवर्णीय होत्या. त्या हौसेखातर डोके जाळून घेत होत्या, असे नव्हे. नोकरीसाठी घेत होत्या.

“हे बघ,” मी भाचीला म्हणालो, “आपल्याकडे कुरळ्या केसांना नावे काय कमी आहेत? संस्कृतात ‘अलक’ म्हणजे कुरळी बट. कुबेराच्या नगरीचे नाव अलका. बुद्धाच्या मूर्ती बघ. डोक्यावर शंखासारखी एकेक वळी कोरलेली असते. दगडात कोरताना कारागिराने कधी म्हटले नाही की जरा चापून बसवा!”

“मामा, बुद्धाला रिसेप्शनवर बसायचं नव्हतं,” भाची म्हणाली.

मी गप्प बसलो असतो, पण अध्यापकाला गप्प बसण्याची सवय नसते. आम्ही उभे होतो तो रत्नागिरी जिल्हा, आणि केसांच्या बाबतीत या जिल्ह्याने मोठी लढाई पाहिलेली आहे. देवरुख इथून काही फार लांब नाही. तिथे १८७० साली जन्मलेल्या पार्वतीबाई आठवले विशीतच विधवा झाल्या आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे केशवपन झाले. बहीण गोदूबाई हिने १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला तेव्हा महाराष्ट्रात केवढा हलकल्लोळ उडाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पार्वतीबाई पुढे अण्णांच्या आश्रमाच्या कामाला लागल्या, गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. आता पाहा, वर्गणी मागायला सोवळ्या घरांत जायचे, तर सोवळी बाई सोयीची. वपन केलेले डोके हा त्यांचा परवानाच होता. असे असून पुढे एका टप्प्यावर त्यांनी ठरवले की बस्स, आता केस वाढवायचे. काम तेच, बाई तीच, वर्गणीही तीच. फक्त डोके आपले. ‘माझी कहाणी’ या १९२८ च्या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. त्याच्याही आधी, १८९० साली, मुंबईच्या नाभिकांनी सभा घेऊन विधवांचे केस आम्ही उतरवणार नाही असे जाहीर केले होते. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. वस्तरा ज्यांच्या हातात, तेच नाही म्हणाले!

केशवपन आणि मुलाखतीच्या सूचनांचा कागद यांची तुलना करणे अतिशयोक्त आहे, हे मला कळते. एकात बाईचे आयुष्य संपत होते, दुसऱ्यात एक नोकरी जाते. पण दोन्हींत प्रश्न एकच विचारला जातो : आत घ्यायची का हिला? आणि उत्तरासाठी नजर जाते ती डोक्याकडे.

नियम नकोतच, असे मी म्हणणार नाही. प्रयोगशाळेत केस बांधा, भटारखान्यात टोपी घाला, यंत्राजवळ बट मोकळी सोडू नका. याला कोण नाही म्हणेल? केस धुवा, उवा काढा, हेही ठीक. ‘बांधा’ म्हणणे वेगळे आणि ‘बदला’ म्हणणे वेगळे. २०२२ च्या नोव्हेंबरात एअर इंडियाने आपल्या विमानसेवकांसाठी काढलेल्या सूचना वर्तमानपत्रांत आल्या होत्या. पिकलेले केस रंगवावेत, आणि ज्या पुरुषांना टक्कल पडत चालले आहे त्यांनी सरळ तुळतुळीत करावे! मी हे वाचून आमच्या घरात मोठ्याने हसलो होतो. सौभाग्यवती म्हणाली, “तुम्हांला कोण विमानात घेतोय?” खरेच आहे. मराठीच्या प्राध्यापकाने डोक्यावर काय ठेवावे आणि काय नाही, याचे परिपत्रक अजून निघालेले नाही. पुरुष आहोत, सरळ केसांचे होतो, आणि आता बिनकेसांचे आहोत. तिन्ही गोष्टींचा फायदाच झाला.

बाहेरच्या देशांत हा झगडा शाळेपासून चालू आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट जाऊन वीस वर्षे उलटल्यावर, २०१६ च्या ऑगस्टमध्ये, प्रिटोरियाच्या मुलींच्या एका प्रतिष्ठित शाळेत कृष्णवर्णीय मुलींनी निदर्शने केली. त्यांचे केस जसे उगवतात तसे ठेवले तर शाळेला ते अव्यवस्थित वाटत होते. प्रांताच्या शिक्षणमंत्र्यांना मध्ये पडून केसांचे ते कलम स्थगित करायला लावावे लागले. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने जुलै २०१९ मध्ये कायदाच केला की, वंशाशी निगडित असलेल्या केसांच्या पोतावरून वा ठेवणीवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करता येणार नाही. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून कायद्याचे नाव ठेवले ‘क्राउन’, म्हणजे मुकुट. पुढे वीसहून अधिक राज्यांनी तो उचलला. टेक्सासनेही उचलला, पण तिथल्या एका शाळेने एका कृष्णवर्णीय मुलाला बटांवरून महिनोन्‌महिने वर्गाबाहेर ठेवले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीशाने सांगितले की, कायदा केसांच्या ठेवणीबद्दल बोलतो, लांबीबद्दल नाही, शाळेचे बरोबर. केस कापायला न्हावी लागतो, केसाचा कीस काढायला वकील!

आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात ‘वंश’ हा शब्द आहे. त्या शब्दात केस येतात की नाही, हे आपल्याकडे कुणी विचारलेले माझ्या तरी वाचनात नाही. आपल्याकडे कुठे आहेत असे लोक, असे वाचक म्हणतील. मीही म्हणत असे.

त्याचे असे झाले. माझी बडबड चालू असताना बहीण भाचीच्या पाठीवर हात फिरवीत होती. तिला हसवावे म्हणून तिने शाळेतली गोष्ट काढली. भाची पाचवीत असताना बाईंनी डायरीत शेरा मारला होता : ‘मुलीला केस विंचरून पाठवावे.’ बहिणीने त्याखाली लिहिले : ‘विंचरूनच पाठवले आहेत.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच शेरा, पुन्हा तेच उत्तर. आठवडाभर हा पत्रव्यवहार चालला. सगळे हसले. भाचीही हसली. मला हसू आले नाही. हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते, आणि ते ऐकताना मी डायरीच्या दुसऱ्या बाजूला होतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात एक मुलगी होती. गाव हल्याळकडचे, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले. जात विचारायची गरज नव्हती. चेहरा आणि केसच सांगत. ती सिद्दी होती. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेली माणसे सह्याद्रीच्या रानांत पळून गेली, त्यांचे वंशज हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला राहतात. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. घरी मराठी-कानडी मिसळलेली कोकणी बोलतात. २००३ साली त्यांची कर्नाटकात अनुसूचित जमातींत गणना झाली. आपल्याला सिद्दी म्हटला की जंजिरा आठवतो; तो न घेता आल्याची हळहळ आठवते. जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झाले, तरी वर्गात बखरीचा उतारा वाचताना ‘हबशी’ शब्द आला की पोरे मागे वळून तिच्याकडे पाहत. हबशी म्हणजे हबसाणातला, ॲबिसिनियातला, एवढाच अर्थ मी सांगितला आणि पुढे गेलो. ज्या मलिक अंबराने खडकी वसवली, शहाजीराजे ज्याच्या बाजूने भातवडीला लढले, तोही हबशीच, हे सांगायला मला दोन मिनिटे पुरली असती.

या मुलीचा आवाज फार चांगला. उच्चार असे स्वच्छ, की आमच्या सदाशिव पेठेला कॉम्प्लेक्स यावा. सत्तावीस फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाचे सूत्रसंचालन मी तिला दिले होते. रंगीत तालमीच्या संध्याकाळी मी सहज म्हणालो, “उद्या प्रमुख पाहुणे येणार आहेत. केस जरा बांधून ये.”

ती म्हणाली, “सर, हे बांधलेलेच आहेत.”

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा डोक्याला अगदी लगटून बारीक बारीक पेड घातलेले होते, एकेक रेघ पट्टीने आखल्यासारखी. त्याला काय कष्ट पडतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला एवढेच दिसले की हे काहीतरी भलतेच आहे. फोटो निघणार, अहवालात छापला जाणार. मी सूत्रसंचालनाचे कागद तिच्या हातातून घेतले आणि दुसऱ्या मुलीला दिले. तिला म्हणालो, “तू समूहगीतात मागच्या रांगेत उभी राहा.” ती उभी राहिली. गायलीही. मला कुणी काही बोलले नाही, कारण कुणालाच त्यात काही वावगे दिसले नाही.

आरे-वारेच्या त्या वळणावर मला हे सगळे आठवले. कॅलिफोर्नियाचा कायदा तोंडपाठ सांगणारा मी. केस चालली असती तर आरोपी क्रमांक एक मीच होतो.

भाचीला मी तेवढेच सांगितले, की औषध लावू नकोस. त्यावर बहीण जे बोलली ते माझ्या मनात राहिले आहे. “दादा, तुला सांगायला काय जातं? नोकरी तुझी नाही जायची.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. सल्ला माझा होता आणि महिन्याचा पगार तिचा.

भाची पार्लरात गेली नाही. माझ्यामुळे की तिथल्या दरपत्रकामुळे, हे मी विचारलेले नाही. केस घट्ट मागे बांधून, वर जाळी लावून ती मुलाखतीला गेली. इंग्रजी चांगले झाले, हिशेबाचे प्रश्न सगळे आले. नोकरी मिळाली नाही. कारण कळवले नाही, कळवीत नसतातच. सध्या ती रत्नागिरीतच एका हिशेबनिसाच्या कचेरीत आहे आणि बँकांच्या परीक्षा देते आहे. तिथे प्रश्नपत्रिका केस पाहत नाही, असे ती म्हणते.

पुण्याला परतल्यावर मी माझ्या त्या जुन्या विद्यार्थिनीचा शोध घेतला. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲपच्या गटातून नंबर मिळाला. चार दिवस तो नुसताच खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी फोन केला. ती आता तिकडेच एका शाळेत शिक्षिका आहे. नाव सांगितल्याबरोबर तिने ओळखले. मी अडखळत म्हणालो, “त्या सत्तावीस फेब्रुवारीचं... माझं चुकलं होतं.”

थोडा वेळ पलीकडून काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, “सर, आदल्या रात्री होस्टेलात तिघीजणी बसल्या होत्या माझ्या डोक्याशी. पहाटे तीन वाजले. त्या अजून विचारतात, फोटो कुठाय म्हणून.” आणि मग हसून, “आणि सर, तुम्ही जिला कागद दिलेत ना, तिने ‘ज्ञानपीठ’ दोनदा चुकीचं म्हटलं. मी मागे उभी राहून मोजलं होतं.”

मीही हसलो, दुसरे काय करणार? काहीतरी बोलायचे म्हणून विचारले की, तुझ्या शाळेत मुलींना केसांचा काही नियम आहे का.

“आहे की, सर. दोन वेण्या, लाल रिबिनी. सगळ्या शाळांत असतो तोच,” ती म्हणाली. “ज्यांच्या येतात त्यांनी घालायच्या.”